उघड्या पोटाचं जहाज

दोन हजार चोवीस साल. मी एक्क्याऐंशी वर्षांचा. दसरा होऊन गेला होता, कापूस फुटला होता, आणि मी एकटा जहाज आणायला निर्मलला निघालो.

आमच्या नार्नूरकडं जहाज म्हटलं की माणसं आभाळात बघतात. पाण्यावरचं जहाज गावात कोणी पाहिलेलं नाही, मीही नाही. पण माझा बाप अशाच एका जहाजासंगं बुडाला, आणि त्याच्या नावानं गावात काहीतरी उभं राहिलं पाहिजे असं मी ठरवलं होतं. मी एकदा ठरवलं की घरचे लोक समजवायच्या भानगडीत पडत नाहीत.

बाप निजामाच्या राज्यात वेठीला होता. म्हणजे देशमुखाच्या वावरात राबायचं आणि मजुरीचं नाव काढायचं नाही. एका उन्हाळ्यात तो वेठ टाकून मुंबईला पळाला. गोदीत कोळसा वाहिला, मग मालाच्या जहाजावर कोळसेवाला (भट्टीला कोळसा पुरवणारा खलाशी) म्हणून चढला. मोठी लढाई चालू होती. तो फौजेत नव्हता. जहाजात गहू भरा, लोखंड भरा, तो आपला खाली भट्टीपाशी. मी तेव्हा आईच्या पोटात होतो. पुढं कुठंतरी त्या जहाजाला दुश्मनानं पाण्याखालून गोळा मारला. त्याच जहाजावर किनवटकडचा एक माणूस होता, तो वाचला. लढाई सरल्यावर तो आमच्या दारी आला आणि आईला सांगून गेला की जे वर होते ते होडीत बसले, जे खाली भट्टीपाशी होते ते वर आलेच नाहीत. खालून वर यायला एकच लोखंडी शिडी होती, उभी. आईनं हे मला इतक्यांदा सांगितलं की ती शिडी मी चढून आलो असं वाटतं.

गावातल्या विहारात वारलेल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो ओळीनं लावलेले आहेत. बापाचा फोटो कोणी काढलाच नाही. म्हणून मी म्हटलं, विहाराच्या अंगणात लाकडाचं जहाज उभं करू, त्यात कोळशाचं फावडं धरलेला माणूस. माझ्या कोठ्याचा (गुरं बांधायच्या जागेचा) सागवानी खांब पडून होता. निर्मलचे खेळणीवाले लाकडातून पोपट काढतात, जहाजही काढतील.

माझा भाचा मिलिंद मास्तर विहार कमिटीचा अध्यक्ष आहे. त्याचं म्हणणं वेगळं. तो म्हणाला, जहाजावर बंदूकवाला शिपाई दाखवू. "मामा, लोकं गाडीवरून पाहून जातेत. बंदूक दिसली तं हात जोडतीन. फावडं दिसलं तं इचारतीन, इथं रोडाचं काम काढलं काय."

मी म्हटलं, इचारू दे.

त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण सखूआक्का, हे बोलणं चालू असताना तिथं बसली होती. जहाज उभं करायच्या दिवशी बापाचा जलदान विधी (आमच्यात माणूस गेल्यावर करतात तो) करू, असं मिलिंद म्हणाला. आक्काला नव्वदीला दोनचार वर्षं कमी आहेत, पण जीभ अजून विळ्यासारखी. "पाण्यात गेलेल्या माणसाले अजून पाणी कायले देता? त्याले जरा वाळू द्या." सगळे हसले. मीही हसलो.

खांब मिलिंदनंच टेम्पोत घालून निर्मलला पोचवला, कारागिराशी बोलणंही त्यानंच केलं. फावडं दाखवायचं हे मी त्याला चारवेळा बजावलं होतं. आणायच्या वेळी त्याच्या शाळेत परीक्षा निघाल्या. मी त्याची वाट बघत बसलो नाही.

सकाळची पल्लेवेलुगु (खेड्यापाड्याला जाणारी साधी बस) धरली. आता आमच्या राज्यात बायांना तिकीट लागत नाही, त्यामुळं गाडीत बायाच बाया. एकीनं उठून मला जागा दिली. मी घेतली नाही. उटनूरपर्यंत दांडा धरून उभा राहिलो. ती बाई म्हणाली, बुढा अकडबाज आहे. मला ऐकू येतं हे तिला माहीत नसावं. उटनूरला गाडी बदलली, तिथं चहा प्यालो. पुढच्या गाडीत इंद्रवेल्लीला एक सीट रिकामी झाली, तेव्हा बसलो. ती कोणी दिलेली नव्हती, आपसूक रिकामी झालेली होती.

दोन्ही बाजूंना कापूस पांढरा पडला होता. सोयाबीन काढून झालेली वावरं काळी, मधेच ज्वारीचा हिरवा तुकडा. गुडीहत्नूरला मोठा रस्ता लागला आणि निर्मलची गाडी मिळाली. इच्चोडा गेलं, नेरडीगोंडा गेलं, मग घाट सुरू झाला. घाटात सागाची पानं राठ झाली होती, कडेनं सीताफळाची झुडपं फळांनी वाकलेली. वळणावर वळण. एका बाईला उलटी आली, तिला मी माझ्याकडचं लिंबू दिलं. लढाईत बाप असाच हेलकावे खात गेला असेल, असं मनात आलं. पण त्याला खिडकी नव्हती.

निर्मलला उतरलो तेव्हा भूक लागली होती. स्टँडसमोर इडली खाल्ली, संगं पल्लीची चटणी (पल्ली म्हणजे शेंगदाणे). मग विचारत विचारत कारागिराच्या घरी गेलो. त्याचं नाव राजन्ना. वय पन्नाशीच्या पुढं. पडवीत लाकडाचे आंबे, जांभळं, मोर, हत्ती रंग वाळायला ठेवलेले. चिंचोके शिजवलेल्या खळीचा वास सगळ्या घरात. हे लोक मऊ हलक्या लाकडाचे तुकडे कोरतात आणि त्या खळीत भुसा कालवून एकमेकांना चिकटवतात. सांधा हुडकला तर सापडत नाही.

राजन्नानं मला बसवलं, पाणी दिलं, तातय्या (आजोबा) म्हणाला. मग जहाजावरचं फडकं काढलं.

जहाज चांगलं होतं, खोटं बोलणार नाही. माझ्या दोन हातांच्या पसाऱ्याएवढं लांब, नाळेला (पुढच्या टोकाला) बाक, वर दोन धुराडी. पण वरच्या फळीवर शिपाई उभा होता. खाकी रंग, खांद्याला बंदूक, हात कपाळाला लावून सलाम. त्याच्या मागं तसलेच तीन. तोंडावर ऊन पडलेलं, मिशा फुटलेल्या, कोणी वरातीला निघावं तसे.

मी विचारलं, हे कोणी सांगितलं. तो म्हणाला, मास्तरांनी फोनवर सांगितलं.

मी पुढच्या शिपायाची मुंडी धरली आणि पिळली. हलक्या लाकडाचा होता, खळीनं चिकटवलेला, सुटून हातात आला. मग दुसरा. तिसऱ्याला राजन्नानं माझा हात धरला. त्याचे डोळे लाल झाले होते. इतक्या दिवसांचं काम तोडलं, असं म्हणाला, तेलुगूत आणखी काय काय म्हणाला ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, पहिल्या पावसात हे चारही जण आपोआप गळून पडले असते, मी फक्त लवकर काढले. ते त्याला आणखी लागलं. तो आत निघून गेला.

मी ओट्यावर बसलो. मनात धरलं होतं की नीट जहाज घेतल्याशिवाय उठायचं नाही.

राजन्नानं मिलिंदला फोन लावला असणार, कारण थोड्या वेळानं माझा फोन वाजला. मिलिंद म्हणाला, मामा, आहे तसं घेऊन या, चार लोकांत तमाशा नको. मी विचारलं, शिपाई तूच सांगितला? हो म्हणाला. दबला नाही, उलट म्हणाला, "आजोबाचं नाव मोठं व्हावं म्हनूनच सांगितलं ना. कोळसा मारनाऱ्याचा पुतळा कोनी पाह्यला हाय काय?"

"नाही पाह्यला. म्हनूनच करून राह्यलो," मी म्हटलं आणि फोन बंद करून टाकला.

रात्री तिथंच ओट्यावर पडलो. राजन्नाच्या बायकोनं चादर आणून दिली आणि सर्वपिंडी (तांदळाच्या पिठाचं दाणे घातलेलं जाड थालीपीठ) खायला घातली. नवरा बोलत नव्हता, पण तिनं त्याचं ऐकून मला उपाशी ठेवलं नाही. तिला थोडी मराठी येत होती, माहेर म्हैसा गावाकडचं. तिनं विचारलं, बाबा, तुम्हाला नक्की काय पाहिजे? मी सांगितलं. जहाजाच्या पोटात माणसं पाहिजेत. ती म्हणाली, पोटात केली तर दिसतील कशी? तरी मी म्हटलं, दिसली पाहिजेत.

सकाळी राजन्ना मोराला रंग देत बसला, माझ्याकडं पाठ करून. बायकोनं अंगणात सीताफळं फोडली आणि अर्धं माझ्या हातात दिलं. मी खायला तोंडाशी नेलं आणि थांबलो. फळाची साल खडबडीत, बाहेरून काही कळत नाही, आणि आत एकेक बी आपापल्या घरात बसलेली. मी उठलो आणि ते अर्धं फळ राजन्नाच्या तोंडासमोर धरलं. असं कर, म्हटलं. एक बाजू कापून काढ.

त्यानं ब्रश खाली ठेवला नाही. म्हणाला, "खिलौना बाहर से देखते, तातय्या. अंदर कौन देखता?"

"बाहर वाले घर आए," मी म्हटलं. "मेरा बाप अंदर था."

त्यानं ब्रश पाण्यात बुडवला, झटकला, आणि उठून जहाजाच्या कुशीवर पेन्सिलीनं एक लांब रेघ मारली.

पुढचा आठवडाभर मी तिथंच होतो. सागवान त्याच्या हाताचं लाकूड नव्हे. त्याच्या छिन्न्या बोथट व्हायच्या, तो मला ऐकवत ऐकवत धार लावायचा. मी दिवसभर बसून बघायचो, मधेच जाऊन बाजार बघून यायचो. निर्मलचे लोक रंगात सोनं घालतात असं म्हणतात, मला तर सगळीकडं पिवळंच दिसलं. एका दुकानदारानं मला लाकडी केळ्यांचा घड विकत घ्यायचा आग्रह केला. मी म्हटलं, खाता येत नाही ते केळं मी नेत नाही. तो म्हणाला, मग तुम्ही जहाजात बसून जाणार काय? म्हणजे गावभर झालं होतं.

आम्ही दोघं रोज एकदा तरी भांडलो. माणसं वेगळी करून चिकटवतो, असं तो म्हणाला. मी म्हटलं नको, त्याच खांबातून काढ, वेगळी केली तर पुन्हा कोणीतरी पिळून काढील. मग त्यानं पोकळ कोरत कोरत चार माणसं आतच ठेवली, पायापासून जहाजाला जुळलेली. पाणी आत शिरताना दाखवू का, माणसं हात वर करून ओरडताना दाखवू का, असं त्यानं विचारलं. त्यानं लोक रडतील, म्हणाला. मी म्हटलं, काम करताना दाखव, मरताना नको.

मग तोंडाची गोष्ट निघाली. बापाचं तोंड कसं होतं, त्यानं विचारलं. मला माहीत नाही म्हटल्यावर तो माझं तोंड निरखायला लागला, म्हणाला तुमच्यावरून काढू. मला ते पटलं नाही. बाप गेला तेव्हा तिशीतही नसेल, त्याला माझं म्हातारं तोंड कशाला? मी म्हटलं, भट्टीकडं तोंड असणारच त्यांचं. पाठी कर.

म्हणून त्या चौघांच्या पाठी दिसतात. उघडी अंगं, वाकलेली, हातात फावडी. एका अंगाला कोळशाचा ढीग, एका अंगाला उभी शिडी, शिडीवर कोणी नाही. शेवटच्या दिवशी राजन्नानं विचारलं, यातला तुमचा बाप कोणता? मी म्हटलं, ते मी कसं सांगू, त्या भट्टीपाशी किती गावांची माणसं होती कोणास ठाऊक. त्या बाकीच्यांची पोरं कुठं असतील, त्यांनी कुठं काही उभं केलं असेल नसेल. हे सगळ्यांचं धर.

तो म्हणाला, मग रंग नको. जवसाचं तेल पाजतो. ते मात्र त्याचंच डोकं, मी सांगितलेलं नव्हतं. निघताना त्यानं ते चार शिपाई एका पिशवीत घालून माझ्या हातात दिले. मी म्हटलं तुझ्याकडंच ठेव, पंधरा ऑगस्टला विकले जातील. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

जहाज पोत्यात गुंडाळून गाडीत चढवायला दोन माणसं लागली. कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं. घाट चढून गाडी वर आली आणि जंगलखात्याच्या नाक्यावर तिला थांबवलं. एक तरुण बाई आत आली, खाकी कपडे, केस घट्ट बांधलेले. तिनं पोतं दाबून बघितलं आणि सागवान म्हणून ओळखलं. कागद मागितला. कागद नव्हता. माझ्या कोठ्याच्या खांबाला कोण कागद देणार?

गाडीतले लोक कुरकुरायला लागले. कोणी म्हणालं, बुढ्याला उतरवा अन् गाडी सोडा. मी म्हटलं, मी उतरलो तर जहाजासंगं उतरीन, आणि जहाज दोघांशिवाय उतरत नाही. मग मागच्या सीटवरच्या बाया माझ्या बाजूनं बोलायला लागल्या, काऊन सतावता म्हाताऱ्याले म्हणून. तिकीट नसलेल्या माणसांचा आवाज मोठा असतो.

त्या बाईनं पोतं सोडायला लावलं. जहाजाच्या शेपटाशी खांबाचं जुनं भोक राहिलेलं होतं. त्यातून बैलाचं दावं ओवत असू, दाव्यानं त्याच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. तिनं त्यात बोट घालून फिरवलं. हे जुनं लाकूड आहे एवढं तिला कळलं. पण ती उठली नाही. वाकून आत बघत राहिली.

तिनं हिंदीत विचारलं, हे लोक काय करतायत. मी म्हटलं, कोळसा मारतायत, बाहेर लढाई चालू आहे. तिनं शिडीकडं बोट दाखवलं.

"निकले नहीं?"

"नहीं," मी म्हटलं.

तिनं पोतं स्वतःच्या हातानं पुन्हा गुंडाळलं आणि ड्रायव्हरला हात केला.

तिथून पुढं गाडीत कोणी माझ्याशी चढ्या आवाजात बोललं नाही. मी खिडकीतून कापूस वेचणाऱ्या बाया बघत होतो. त्यांच्याही पाठीच दिसत होत्या. लढाईचं नाव निघालं की गोळी मारणाऱ्याचं नाव निघतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. पण त्याला गहू कोणी पोचवला, ते जहाज कोणाच्या अंगमेहनतीवर पुढं सरकत होतं, हे कोणी विचारत नाही. मिलिंद शिकलेला आहे, चांगला आहे, माझ्या बापाचं नाव मोठं व्हावं असं त्यालाही वाटतं. फक्त त्याला बाप दुसराच कोणी पाहिजे. मला होता तोच पाहिजे.

गावात पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. जहाज विहाराच्या ओसरीत ठेवलं. माणसं जमली. मिलिंद आला, चष्मा पुसून बघितलं. मग म्हणाला, कमिटीसमोर ठेवावं लागेल, पुढच्या मीटिंगमधे निर्णय घेऊ. मीटिंग कधी, विचारलं तर म्हणाला, दिवाळीनंतर बघू.

सखूआक्काला तिची सून धरून घेऊन आली. तिला कमी दिसतं, म्हणून ती अगदी जवळ जाऊन बसली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "कोनं केलं रे हे? बाप इतका भरला नव्हता. आमच्या घरी खायाले होतं काय?"

मी म्हटलं, आक्का, जहाजावर खायला मिळत असेल.

"मिळू दे बाबा," ती म्हणाली. मग तिनं पदर काढून त्या चारही पाठींवरची निर्मलपासून बसलेली धूळ पुसली, एकेक करून, शेतावरून आलेल्या माणसाची पाठ पुसावी तशी. मिलिंद उभा राहून बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेतली आणि विहाराच्या अंगणात रस्त्याच्या अंगाला जहाजाच्या चौथऱ्यासाठी खड्डा खंदायला लागलो. वरची काळी माती सोपी होती, खाली मुरूम लागला तशी पहार वाजायला लागली. आवाज ऐकून मिलिंद आला, तोंडात ब्रश तसाच.

"मामा, मीटिंग व्हायची हाय ना अजून."

"तुमी मीटिंग घ्या," मी म्हटलं. "मी खड्डा घेतो."

त्यानं वाकून खड्ड्यात बघितलं. मग विचारलं, जहाजाचं तोंड कोणीकडं करायचं. मी म्हटलं, उघडी बाजू रस्त्याकडं. तो नळावर गेला, चूळ भरली, बाह्या वर केल्या, आणि घरातून फावडं घेऊन माती काढायला खड्ड्यात उतरला.